तिथीची पाऊणपट, अधिक पाच

पहिला फोन लावला तेव्हा जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि दाभोळच्या खाडीकाठच्या आमच्या धोपाव्यात रात्रीचे नऊ. आईने विचारलं, जेवलीस का. बाबांनी विचारलं, खोलीला कुलूप नीट लागतं ना. आजीने "अंगात काय घातलंयस" एवढंच विचारून फोन पुढे दिला. आजोबा फोन कानाला लावत नाहीत, आरशासारखा तोंडासमोर धरतात. पडद्यावर त्यांचं कपाळ आणि मागे फिरणारं पंख्याचं पातं एवढंच दिसत होतं. ते म्हणाले, "काय गो बाय, तकडं भरती कवा लागते?"

मला ठाऊक नव्हतं.

पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकीचं तिसरं वर्ष अर्ध्यावर ठेवून, विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनेतून पाच महिन्यांसाठी मी त्या शहरात आले होते. येऊन चोवीस तास झाले होते. लोकलचा पास काढून झाला होता, दूध कुठल्या दुकानात स्वस्त ते कळलं होतं, आणि पाणी कधी चढतं याचा पत्ता नव्हता. "बघून सांगते," म्हटलं.

"बघायचं काय त्यात? तिथी कुठली आज?"

२ ऑक्टोबर २०२४. सर्वपित्री अमावास्या. हे मला माहीत होतं, कारण आईने घडी घालून बॅगेत कोंबलेलं कालनिर्णय मी सकाळीच भिंतीला टेकवून ठेवलं होतं. बॅगेचीही एक गंमतच झाली. युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, पण मासे, सुके धरून, माणशी वीस किलोपर्यंत चालतात. हा नियम मी मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा आईचा विश्वासच बसेना. शेवटी तुपाची बरणी बाहेर आली आणि तिच्या जागी सोड्यांचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं पुडकं गेलं. "शहाणे लोक दिसतायत," आजी म्हणाली.

ज्यांचं लहानपण खाडीकाठी गेलेलं नाही त्यांच्यासाठी आजोबांचा हिशेब सांगते. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता भरती पुरी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या सुमारास. दिवसा एकदा, रात्री एकदा. मधल्या सहा-सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा माथ्यावर येतो आणि पाणी त्याच्या मागे मागे येतं, एवढंच यातलं शास्त्र. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण होडी बाहेर काढणाऱ्याला तेवढं चालतं. आजोबांनी उभा जन्म दाभोळच्या खाडीत पाग टाकला आणि डोल लावली, ही दोन्ही मासे धरायची जाळी. आजी सुकतीला कालवं फोडायला जायची. आमच्या घरात जेवणाची वेळ घड्याळावर नव्हती, तिथीवर होती. आजोबांचा जन्मही कुणी तारखेने सांगत नाही, 'रामदास बुडाली त्या वर्षीचा' असंच सांगतात. रामदास बोट १७ जुलै १९४७ला गटारी अमावास्येच्या दिवशी रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. म्हणजे आजोबांचं वयसुद्धा अमावास्येवरूनच मोजायचं.

तर अमावास्या. म्हणजे बाराला भरती. मी तसं सांगून टाकलं. आजोबा खूश झाले. ते उत्तर साफ चुकीचं होतं, हे कळायला मला अकरा दिवस लागले.

मोठ्या शहराची पहिली आठवण म्हणून लोक उंच इमारती सांगतात. हॅम्बुर्गमध्ये तसं काही अंगावर येत नाही. एकोणीस लाखांचं शहर, पण आभाळात डोकं काढलेले दिसतात ते चर्चचे मनोरे आणि बंदराच्या याऱ्या. मला पहिल्या रात्री जाणवली ती शांतता. आता शांतता मला नवीन नाही. पण धोपाव्याच्या शांततेत कुत्री असतात, रातकिडे असतात, शेवटच्या एसटीचा घाटातला हॉर्न असतो, कुणाच्या तरी घरचं भजन असतं. इथे विमानतळावरून लोकल पकडली, मुख्य स्टेशनात बदलली, डबा गच्च भरलेला, आणि सगळे गप्प. रस्त्यावर गाड्यांची रांग, आणि हॉर्न नाही. रात्री अकराला रिकाम्या रस्त्याच्या कडेला चारजण लाल दिवा हिरवा व्हायची वाट बघत उभे. मी पाचवी.

मग लोकल एल्बे नदीच्या पुलावर चढली. दोन्हीकडे काळं पाणी आणि त्यावर हललेले पिवळे दिवे. डब्यातल्या कुणीही मान वर केली नाही. मी मात्र सवयीने खिडकीला नाक लावलं. दाभोळच्या फेरीबोटीत बसलेला माणूस रोजचा असला तरी पाण्याकडे बघतोच. ही फेरीबोट २००३ साली सुरू झाली. मी तिच्याच वयाची.

बाकी नवलाईच्या गोष्टी भराभर उरकते, कारण परदेशी जाऊन आलेल्या प्रत्येकाने त्या सांगितलेल्या असतात. रविवारी दुकानं बंद. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर पंचवीस सेंट अनामत, बाटली यंत्रात परत घातली की मिळतात. स्टेशनात शिरताना तिकीट कुणी बघत नाही, फाटकच नाही. सकाळी, दुपारी, मध्यरात्री एकच नमस्कार: "मॉइन". हा शब्द मला फार आवडला. आमच्याकडच्या "काय मग?"सारखा आहे, उत्तराची अपेक्षा नसलेला.

पण एक गोष्ट उरकता येत नाही. तिथे मला कुणी काही विचारलं नाही.

आमच्याकडे अनोळखी वाडीतून चालत गेलं तर तिसऱ्या घरापर्यंत "कुणाची गो तू?" येतंच. त्याला उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर म्हणजे नाव नसतं. बापाचं, आजोबांचं, मग वाडीचं सांगायचं. समोरच्याला कुठेतरी धागा सापडेपर्यंत सांगत राहायचं. लहानपणी या प्रश्नाचा मला वैताग होता. पुण्याला गेल्यावर तो सुटला म्हणून बरं वाटलं होतं. हॅम्बुर्गमध्ये पहिला आठवडा तर मी तरंगत होते. रात्री दहाला एकटी धक्क्यावर बसले, कुणी बघितलं नाही. बघितलं नाही म्हणजे खरंच नाही, आपल्याकडे न बघितल्यासारखं करतात तसं नव्हे. दुसऱ्या आठवड्यात मात्र मी वाण्याच्या दुकानातल्या काउंटरवरच्या बाईला, तिने न विचारताच, "मी भारतातून आले" असं सांगून टाकलं. ती म्हणाली, "सात युरो वीस."

दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की मला अधूनमधून अफानासी निकितिन आठवतो. पंधराव्या शतकातला रशियाच्या त्वेर गावचा व्यापारी. चौलला उतरला, विकायला एक घोडा घेऊन. काही वर्षं बहमनी मुलखात हिंडला आणि परतीच्या जहाजात बसला ते दाभोळहून. त्याने लिहून ठेवलंय की जाईल तिथे माणसं गोऱ्या माणसाला बघायला मागे मागे येत. शाळेत हे सांगितलं तेव्हा आम्ही हसलो होतो. हॅम्बुर्गमध्ये मला त्याचा थोडा हेवा वाटला. त्याला निदान "कुणाचा रे तू?" विचारणारे तरी भेटले.

माझं वसतिगृह विल्हेल्म्सबुर्गला होतं. एल्बे शहरात शिरताना दोन फाटे होतात आणि त्यांच्या मधलं हे मोठं बेट. नकाशात चहूकडे पाणी बघून मी खोली आनंदाने घेतली होती. तिथे पोचल्यावर पाणी कुठेच दिसेना. रस्त्याच्या शेवटी नुसती हिरवी टेकाडाची भिंत, आणि तिच्यावर मेंढ्या. तीन दिवस मी तिला टेकडीच समजत होते. चौथ्या दिवशी वर चढले तर पलीकडे नदी. आणि नदीची पातळी बघून मी मागे वळून वसतिगृहाच्या खिडक्यांकडे बघितलं. शेतात मीठपाणी येऊ नये म्हणून आपण खारबांध घालतो ना, तोच हा. फक्त दुमजली घराएवढा.

त्या बांधावर मला एक म्हातारी बाई भेटली, कुत्रा घेऊन आलेली. मी एवढा वेळ नदीकडे काय बघतेय असं तिला वाटलं असावं. तिने विचारलं, "कुठली तू?" मी एवढी गडबडले की जर्मन विसरले. समुद्रकाठची, एवढं कसंबसं सांगितलं. मग ती बोलायला लागली. माझं जर्मन दोन महिन्यांच्या क्लासचं, निम्मं कळलं, निम्मं तिच्या हातांवरून. हात छातीशी: एवढं पाणी. हात वर: 'डाख', म्हणजे छप्पर. बोटं झोपेसारखी गालाशी: रात्र होती.

ती रात्र १६ फेब्रुवारी १९६२ची. वायव्येकडून आलेल्या वादळाने उत्तर समुद्राचं पाणी नदीत रेटलं आणि बांध साठाहून जास्त ठिकाणी फुटले. शहराचा सहावा हिस्सा पाण्याखाली गेला. हॅम्बुर्गमध्ये ३१५ माणसं मेली, त्यातली दोनशेहून जास्त या एकट्या बेटावरची. युद्धात घरं गेलेली कितीतरी कुटुंबं तोवर बागांमधल्या लाकडी खोपट्यांतच राहत होती. पाणी पहिलं त्यांच्यात शिरलं. मी ज्याला टेकडी समजले तो बांध नंतर चढवलेला.

रात्री आजोबांना हे सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले आणि मग विचारलं, "बासष्ट साल? फेब्रुवारी? अष्टग्रहीच्या आधी का नंतर?"

मला अष्टग्रही हा शब्द फक्त ऐकून माहीत होता. त्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार म्हणून साऱ्या देशात जग बुडायची हाकाटी झाली होती. यज्ञ, जप, नामसप्ताह. आजोबा तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे. वाडीतली माणसं देवळात जागत बसली, म्हणाले. पाच तारीख उलटली, काही झालं नाही, लोक घरी जाऊन झोपले. "मंग दहा-अकरा दिवसांनी तकडं बुडलं होय!" ते म्हणाले. जणू हिशेबातली राहिलेली रक्कम सापडली. आणि लगेच: "पण पुनवेला तर दोन-तीन दिवस होते. उधाणाची तिथी नाय ती." मी म्हटलं, वारा होता. "तेच तर. भरती तिथीनं सांगता येते. वारा नाय सांगता येत."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. आल्टोनाचा मासळीबाजार फक्त रविवारी भरतो, १७०३पासून. हिवाळा लागेपर्यंत पहाटे पाचला सुरू आणि साडेनऊला बंद. चर्चची प्रार्थना सुरू व्हायच्या आत नाशवंत माल विकून व्हावा म्हणून ही वेळ पडली. पहाटेची पहिली लोकल पकडून गेले. निघताना हिशेब केला: दशमी सरून एकादशी. साडेसात-आठला भरती. उजाडेल तेव्हा नदी काठोकाठ भरलेली बघायला मिळेल.

बाजाराबद्दल मला मनापासून तक्रार आहे. अर्धे गाळे माशांचे नाहीतच. फळं, कुंड्या, पिशव्या, गरम वॅफल. रात्रभर नाचून आलेली पोरं बिअर पीत उभी. आणि मासे विकणारे सगळे बाप्ये! हर्णैच्या लिलावाला जाऊन बघा, बायका उभ्या असतात आणि भाव त्यांच्या डोळ्यात ठरतो. इथे एक दणकट गृहस्थ ट्रकच्या फळीवर उभा राहून ओरडत होता. पिशवीत धुरावलेली वाम टाकली, दर सांगितला, कुणी घेईना, आणखी एक मासा टाकला, दर तोच, आणखी एक. आपल्याकडे घासाघीस गिऱ्हाईक करतं. इथे विकणाराच स्वतःशी घासाघीस करत होता आणि गिऱ्हाईक टाळ्या वाजवत होतं. मजा आली, नाही म्हणत नाही. पावात मुरवलेलं हेरिंग आणि कच्चा कांदा घालून देतात ते घेतलं. चारशे रुपयांच्या वर गेले. हेरिंग म्हणजे आमच्या तारलीची थोरली बहीण. चव खारवलेल्या माशाची, पण मऊ, लोण्यासारखी. दुसरा घ्यावासा वाटला आणि रुपयांत गुणाकार केल्यावर वाटेनासा झाला.

सात वाजून गेले आणि अंधार फिका व्हायला लागला. मी कठड्याशी गेले. खाली बघितलं तर पाणी नाही. म्हणजे होतं, पण खूप खाली. धक्क्याची भिंत दोन पुरुष उंच ओली, हिरवी, शेवाळलेली. लांडुंग्सब्र्युकन नावाचा प्रवासी बोटींचा धक्का आहे, तो तरंगता आहे आणि त्याच्यावर उतरायला छोटे पूल आहेत. ते सगळे पूल घसरगुंडीसारखे उतरते झालेले. पुढे वखारींच्या भागात चालत गेले. श्पायखरश्टाट. १८८३पासून बांधत गेलेल्या लाल विटांच्या सात-सात मजली वखारी, ओकच्या खांबांवर उभ्या, कॉफी, चहा, मसाले आणि गालिचे ठेवायच्या. २०१५पासून जागतिक वारसा. चित्रांत त्यांच्या मधून कालवे चमकत असतात. माझ्या समोरच्या कालव्यात चिखल होता. काळाभोर, लुसलुशीत, मधे पाण्याची एक रेघ. एक बदक त्यात पाय रोवून उभं. आणि वास. खाजणात सुकतीला येतो तो.

आठला भरती म्हणून गेले आणि तळाची सुकती बघितली. इतकं बरोब्बर उलटं चुकायलाही नशीब लागतं.

त्या पुलावरूनच आजोबांना फोन केला. आधी त्यांनी माझ्या तिथीवर शंका घेतली. मग कालनिर्णयावर. मग मी विचारून घेतलेलं त्यांना सांगितलं: समुद्र इथून शंभर किलोमीटरवर आहे. भरती तोंडाशी लागल्यावर शहरापर्यंत चढत यायला तिला चारेक तास जातात. आजोबांनी विचारलं, "पाणी खारं का गोडं?" मला याचा विचारच सुचला नव्हता. पायऱ्या उतरून बोट बुडवून जिभेला लावलं. (हे करू नये.) गोडं होतं. समुद्राचं पाणी वर येतच नाही, ते तोंडाशी रेटतं आणि नदीचंच पाणी उलटं चढतं. दिवसातून दोनदा गोड्या पाण्याची भरती.

"मंग असं सांग ना," आजोबा म्हणाले. "मी तुला दाभोळचा हिशेब देत होतो. ती हॅम्बुर्ग म्हणजे चिपळूण हाय."

मी तिथल्या जलशास्त्राच्या तासाला सत्रभर बसले. त्या शहराचं इतकं नेमकं वर्णन मला पुढे कुठे ऐकायला मिळालं नाही. खाडीच्या तोंडाशी बसलेलं गाव वेगळं आणि खाडीने आत जाऊन, जिथवर भरती गलबत पोचवते तिथे बसलेली बाजारपेठ वेगळी. वाशिष्ठीवर दाभोळ तोंडाशी, चिपळूण आत, गोवळकोटचा धक्का तिचा. एल्बेवर कुक्सहाफन तोंडाशी, हॅम्बुर्ग आत. त्या क्षणापासून नकाशा सुलटा झाला. मग मी रोज धक्क्यावरची वेळ टिपायला लागले. देशाचं समुद्रमापन खातं त्याच शहरात आहे, त्यांची कोष्टकं फोनवर फुकट मिळतात, पण आजोबांना ती फसवणूक वाटली असती. चार दिवसांत आमचं सूत्र ठरलं: तिथीची पाऊणपट, अधिक पाच. आणखी एक गोष्ट लक्षात आली. तिथे पाणी पाच-सव्वापाच तासांत चढतं आणि उतरायला सात तास घेतं. आजोबांना यात काही विशेष वाटलं नाही. "नदीचं पाणी बाहेर जायचं असतं ना वर. आत धावत येईल, बाहेर जाताना रखडेल."

सूत्र दहा दिवस टिकलं. २७ ऑक्टोबरला त्या लोकांनी घड्याळं एक तास मागे केली आणि भरती चारच तासांवर आली. आजोबांना हे समजावताना माझी पुरेवाट झाली. "घड्याळ मागं केलं म्हणून पाणी मागं जातं?" नाही, पाणी तिथेच आहे. "मंग घड्याळ कशाला हलवतात?" उजेड वाचवायला. "वाचला?" डिसेंबरात चार वाजता सूर्य मावळतो तिथे. नाही वाचला, आजोबा.

चिपळूण म्हटल्यावर एक गोष्ट टाळता येत नाही. २२ जुलै २०२१. बाजारपेठेत पहिल्या मजल्याला पाणी लागलं. आत्याचं घर तिथेच. तिने माळ्यावरून फोन केला तेव्हा सकाळ होती, नेटवर्क तुटत होतं, आणि आजोबा ओट्यावर बसून बोटं मोजत होते: तेरस. दहाला भरती. तोवर उतरायचं नाही. डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस, वरून नदी, आणि खालून भरतीने दार लावलेलं. आत्याच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ आहे. दोनदा रंग दिला, पावसाळ्यात परत उमटते.

विल्हेल्म्सबुर्गच्या बांधावर मी कितीदा तरी त्या रेघेचा विचार केला. १९७६च्या जानेवारीत तिथे बासष्टपेक्षाही उंच पाणी आलं आणि शहरात माणूस दगावला नाही. हे वाचून पहिल्यांदा राग आला, आपला, आपल्याकडचा. पण तो राग तपासून बघावा लागतो. त्यांना वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आत पाऊस पडतो, आमच्याकडे तीन हजारांच्या वर. त्यांना पाणी एका बाजूने अडवायचंय. चिपळूणला बांध घातला तर डोंगरातून आलेलं पाणी आतच तुंबेल. तिथल्या प्राध्यापकांना मी हे कागदावर काढून दाखवलं तर ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, हे अवघड आहे. त्यांनी उपाय सांगितला नाही म्हणून मला बरं वाटलं.

आणि त्यांच्या उपायांनाही शेपूट आहेच. शंभर वर्षांपूर्वी हॅम्बुर्गमध्ये भरती-सुकतीतला फरक दोन मीटरच्या आसपास होता. आता साडेतीनच्या वर आहे. आमच्या खाडीत उधाणालासुद्धा इतकं पाणी चढत नाही. दोन्हीकडे बांध घालून नदीची पसरायची जागा गेली आणि मोठी जहाजं यावीत म्हणून तळ पुन्हा पुन्हा खोल केला. त्यामुळे समुद्र आत जास्त जोराने धावतो, येताना गाळ आणतो, तो गाळ काढायला परत यंत्रं. चारशे मीटर लांबीची कंटेनर जहाजं भरती धरूनच आत येतात. साडेचौदा मीटरपर्यंत पाण्यात बुडालेलं जहाज लाटेच्या पाठीवर बसवून वर आणावं लागतं, वेळ चुकली तर तळाला लागेल. हे मात्र आजोबांना मी तीनदा सांगितलं. एवढाली ती धुडं आणि थांबतात कशासाठी, तर होडीसारखी भरतीसाठी.

नोव्हेंबरात एका वर्गमैत्रिणीबरोबर सायकलने आल्टनवेर्डरला गेले. कोळ्यांचं जुनं गाव. म्हणजे होतं. दोनेक हजार वस्ती. बंदर वाढवायचं म्हणून १९७३पासून घरं घेत गेले, शेवटचा माणूस १९९८ला बाहेर पडला, २००२ला तिथे कंटेनरचं बंदर सुरू झालं. राहिलं फक्त चर्च आणि दफनभूमी. झाडांच्या एका पुंजक्यात ते चर्च उभं आहे. एका बाजूला पवनचक्क्या, एका बाजूला रंगीत डब्यांच्या भिंती. पलीकडे सपाट लांबट गाड्या डबे घेऊन फिरतात आणि त्यांत ड्रायव्हर नसतो. आम्ही गेलो तेव्हा दफनभूमीत एक म्हातारा गृहस्थ पानं झाडत होता. "मॉइन," म्हणाला. मैत्रिणीने विचारलं तेव्हा कळलं, राहायला नदीपलीकडे आहे, पण आईबाप इथे. महिन्यातून एकदा येतो. हाताने त्याने तीन जागा दाखवल्या: शाळा तिथे, दुकान तिथे, आमचं घर तिथे. तिसऱ्या जागेवर निळ्या डब्यांची चळत होती.

धोपाव्याहून वेलदूरच्या अंगाला बघितलं की डोंगरावर एन्रॉनच्या वीजप्रकल्पाची धुराडी दिसतात. ती गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, इथे नको. पण आमच्याकडेही हाताने जागा दाखवणारे आहेत. मैत्रीण फोटो काढत होती. मी काढला नाही. का, ते तिला नीट सांगता आलं नाही. 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द जर्मनमध्ये करून बघितला, तीन शब्द जोडून. ती म्हणाली, असा शब्द आम्ही ऐकलेला नाही, पण कळतोय.

मार्च सुरू होताच परत आले. दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत असताना एका काकूंनी सूटकेसकडे बघून विचारलं, "कुणाची गो तू?" मी सांगितलं. "म्हणजे ती परदेशी गेलेली? काय काय बघितलंस तकडं?" मी म्हटलं, मोठं आहे, थंडी खूप. बोट लागली. बरंच झालं.

आजोबांसाठी भरतीच्या वेळांची एक छोटी छापील पुस्तिका आणली. कालनिर्णयाच्या खिळ्यालाच दोरा ओवून त्यांनी ती टांगून ठेवलीय. जर्मन येत नाही, पण आकडे येतात. संध्याकाळी ओट्यावर बसले की आधी आमच्या खाडीचा हिशेब होतो, मग तिकडचा. परवा चैत्रातली शुद्ध अष्टमी. "आठ पाऊणे सहा," ते म्हणाले. "सहा आणि चार, दहा. तकडं दहाला पाणी भरलेलं असेल."

"पाच धरा आजोबा," मी म्हटलं. "तीस मार्चला त्यांनी घड्याळं पुन्हा पुढे केली."

त्यांनी पुस्तिका काढली, पान उलटलं, चष्मा कपाळावर सरकवून तारीख शोधली. बराच वेळ बोट ओळीवर ठेवून बसले.

"अकराच हायत," म्हणाले. मग पुस्तिका परत खिळ्याला अडकवत, "काय पण लोक!"